जीएसटीची थकबाकी हप्त्यांनी भरता येते का?

उदगीरच्या आपल्या हार्डवेअर दुकानावर 1,80,000 रुपयांच्या जीएसटी मागणीचा आदेश निघाला असून ती रक्कम एकदम भरणे शक्य नाही, तेव्हा हप्ते मिळतील का आणि मिळत असल्यास पूर्ण 24 घ्यावेत का, असे आपण विचारले आहे. लातूरच्या गंजगोलाईत माझे शेती अवजारांचे दुकान आहे आणि या वाटेने मी स्वतः गेलो आहे, म्हणून लिहितो.

हप्ते मिळतात. केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम 80 नुसार आयुक्त जास्तीत जास्त 24 मासिक हप्ते मंजूर करू शकतात. विवरणपत्रात आपण स्वतःच कबूल केलेला कर मात्र या सवलतीत बसत नाही. आपल्यावरील मागणी अधिकाऱ्याच्या आदेशाने निघालेली असल्याने पोर्टलवर डीआरसी-20 नमुन्यात अर्ज करता येईल. रक्कम 25,000 रुपयांपेक्षा कमी असेल किंवा आधीच्या एखाद्या थकबाकीची वसुली सुरू असेल, तर अर्ज टिकत नाही. आदेशच चुकीचा वाटत असल्यास अपिलाची 3 महिन्यांची मुदत हप्त्यांच्या धावपळीत हातची जाऊ देऊ नये.

अर्जात नुसते ‘धंदा मंदा आहे’ असे लिहून भागत नाही, कारण आपली ऐपत किती आहे याचा अहवाल आधी अधिकारी देतो आणि मगच आयुक्तांचा निर्णय होतो. मी बँकेचे उतारे आणि गावोगावच्या उधारीची यादी जोडली होती, कारण आपल्याकडे सोयाबीन बाजारात आल्याशिवाय उधारी वसूल होत नाही, हे कागदावर दिसल्याखेरीज पटत नाही.

आता 24 हप्त्यांविषयी. मुदत मिळाली म्हणून व्याज थांबत नाही. ते वार्षिक 18 टक्के दराने चालूच राहते. ढोबळ हिशेब केला, तर दरमहा 7,500 रुपये मुद्दल फेडल्यास 24 महिन्यांत सुमारे 33,750 रुपये व्याज जाते. तेच 15,000 रुपयांप्रमाणे 12 महिन्यांत फेडल्यास सुमारे 17,550 रुपये. तरीही माझ्या मते झेपेल तेवढाच हप्ता मागावा, कारण एक हप्ता जरी ठरल्या तारखेला चुकला, तरी उरलेली सगळी रक्कम वेगळ्या नोटिशीशिवाय ताबडतोब देय होते, आणि मग बँक खात्यावर टाच येण्यास वेळ लागत नाही. दिवाळीच्या सुमारास आलेल्या पैशातून उन्हाळ्यातले तीन-चार हप्ते मी बाजूला काढून ठेवत असे.

तिसऱ्या हप्त्याला मी जवळजवळ फसलोच होतो. चलन भरले, पैसे इलेक्ट्रॉनिक कॅश लेजरमध्ये, म्हणजे पोर्टलवरच्या आपल्या रोख खात्यात, जमा झाल्याचे दिसले आणि मी निर्धास्त झालो. शेवटच्या तारखेच्या आदल्या संध्याकाळी कर सल्लागारांनी सहज फोन करून विचारले, “शेठ, मागणीच्या खात्यात रक्कम वळती केली का?” ती केलेलीच नव्हती. लेजरमधले पैसे आपणच त्या मागणीसमोर वळते केल्याशिवाय हप्ता भरला असे धरले जात नाही. तेव्हापासून हप्त्याच्या दिवशी मागणीची शिल्लक पोर्टलवर उघडून आकडा उतरलेला पाहिल्याखेरीज मी दुकानाचे शटर ओढले नाही.