पावसाळी बूट: घाटासाठी आणि रोजच्यासाठीही

प्रश्न: रोज तळेगाव ते चाकण मोटरसायकलने जातो, वर्षातून दोनदा कोकणात. गमबूट घालावेत की वॉटरप्रूफ रायडिंग बूट? बजेट मोजकंच आहे. – एक वाचक, तळेगाव

उत्तर: गमबुटाने पाय कोरडा राहील, पण घोट्याला आधार शून्य. ताम्हिणीत शेवाळलेल्या वळणावर माझी गाडी आडवी झाली, तेव्हा डावा पाय खाली सापडला. घोटा वाचला तो बुटातल्या कडक चकतीमुळे. म्हणून पैसे आधी संरक्षणावर घाला.

बुटाच्या आत ईएन १३६३४ हा युरोपीय मानकाचा शिक्का शोधा. त्याखाली चार आकडे असतात, १ किंवा २. पहिला आकडा बुटाच्या उंचीचा, बाकी तीन आकड्यांत २ म्हणजे अधिक मजबूत. शेजारी ‘डब्ल्यूआर’ असेल तर पाणी रोखण्याची चाचणीही झालेली आहे. असा बूट परवडत नसेल, तर शिक्का असलेला साधा बूट आणि वरून रबरी सोलचं कव्हर घ्या. कव्हर सायलेन्सरला टेकू देऊ नका, वितळतं.

उंची नडगीपर्यंत हवी. आणि रेनपँट बुटाच्या बाहेरून! आत खोचली की सगळं पाणी बुटातच उतरतं. मग महागडं अस्तरही ते बाहेर काढू शकत नाही.

दुकानात संध्याकाळी जा, जाड मोजे घालून. तुमच्याच गाडीवर बसून गिअर टाकून पाहा. पुढचा भाग फार जाड असेल तर बूट लिव्हरखाली शिरत नाही, आणि चाकणच्या ट्रॅफिकमध्ये ते फार त्रासाचं होतं.

भिजलेच तर आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, दर दोन तासांनी बदला. हीटरजवळ ठेवू नका, चिकटवलेला सोल सुटतो.