सवारीचा घोडा मागून आखडतो, चालवून मोकळा होईल का?

तुम्ही लिहिलंय की पाचगणीत टेबललँडवर सवारीचा घोडा आहे, वजन साडेतीनशे किलोच्या आसपास. आठवडाभर बांधून असतो आणि शनिवारी दोन रपेटी झाल्या की मागचे पाय आखडतो, घामाने निथळतो, जागचा हलत नाही. परवा लघवीही काळपट झाली. चालवून मोकळा करावा का, हा प्रश्न.

नाही. जिथे आखडला तिथेच उभा करा. हा नुसता पायात आलेला गोळा नाही, पुठ्ठ्याच्या, म्हणजे कमरेमागच्या मांसल भागाच्या, स्नायूंच्या पेशी फुटताहेत. प्रत्येक पावलाला आणखी फुटतात. त्यातला तांबडा रंग रक्तातून मूत्रपिंडात जातो, म्हणून लघवी चहाच्या कोऱ्या काढ्यासारखी दिसते. तो रंग मूत्रपिंडाला घातक असतो. घोडा मरतो तो बहुतेक त्यामुळे. मात्र रंग जमिनीवरच्या डागावरून ठरवू नका. घोड्याची चांगली लघवीही हवेत राहिली की तपकिरी पडते. ताजी धार पांढऱ्या मगात धरा.

खोगीर उतरवा. पुठ्ठ्यावर तळवा दाबून बघा, फळकुटासारखा कडक लागला आणि घोडा कण्हला तर तेच. पोटशूळात तो पोटाकडे वळून बघतो, लोळू पाहतो. इथे त्याला उभंच राहायचं असतं. थंडी-वारा असेल तर कमरेवर घोंगडी, ऊन असेल तर सावली. पाणी पुढ्यात ठेवा, मागेल तेवढं पिऊ द्या. दाणा पूर्ण बंद, फक्त वाळलं गवत. नळकांड्याने तेल किंवा काढा घशात ओतू नका, फुप्फुसात गेला तर दुसरंच दुखणं. घरात पडलेलं वेदनाशामकाचं इंजेक्शनही आधी टोचू नका: अंगात पाणी कमी असताना ही औषधं मूत्रपिंडाला आणखी मारतात. लघवी काळी असेल तर डॉक्टरांना लगेच बोलवा, सलाईन लागेल. तबेल्यात न्यायचाच असेल तर गाडीतून न्या.

रक्त तपासणार असाल तर स्नायू फुटले की रक्तात वाढणारी दोन एन्झाइम बघतात: सीके आखडल्यानंतर चार ते सहा तासांत सर्वांत वर जातं, एएसटी साधारण दिवसभराने. सीके उतरल्याशिवाय खोगीर चढवू नका. उभं राहणं-चालणं सहज झालं की, एक-दोन दिवसांनी, हातात धरून थोडं फिरवा किंवा छोट्या वाड्यात मोकळा सोडा. आठवडाभर खुंटीला बांधून ठेवलात तर पुन्हा तेच होईल.

आता हे का होतं. साहेबांच्या देशात याला सोमवारचा आजार म्हणत, कारण गाडीचे घोडे रविवारी पूर्ण खुराक खाऊन उभे राहत आणि सोमवारी जुंपले की आखडत. तुमच्याकडे तो शनिवारी येतो, एवढाच फरक. पर्यटक नसतात त्या दिवशीही हरभरा आणि भरडा त्याच मापाने पडतो, वर गूळ. पूर्वी सगळा दोष श्रमाने स्नायूंत साठणाऱ्या लॅक्टिक ॲसिडवर टाकत, ती समजूत आता टिकत नाही. पण रिकामं उभं राहणं आणि पिष्टाचा, म्हणजे दाण्याचा, खुराक ही जोडी घातक, यावर दुमत नाही.

म्हणून काम बंद त्या दिवशी दाणा निम्मा किंवा त्याहून कमी, आणि तो आदल्या संध्याकाळपासूनच कमी करा. वाळला चारा रोज वजनाच्या दीड ते दोन टक्के, म्हणजे पाच ते सात किलो. जोर हवा असेल तर दाण्याऐवजी सोयाबीन तेल: 50 मिलीपासून सुरू करून दोन आठवड्यांत 150–200 मिलीपर्यंत. मीठ रोज 25–30 ग्रॅम, घामाच्या दिवशी दुप्पट, पाणी समोर असेल तरच. वाळल्या कडब्यात ई जीवनसत्त्व जवळजवळ नसतंच, म्हणून हिरवं गवत द्या. सेलेनियमची इंजेक्शनं मात्र कुणी सांगितलं म्हणून टोचू नका. थोडं जास्त झालं तरी विषबाधा होते.

शनिवारी पहिली पंधरा मिनिटं सैल लगामाने नुसतं कदम चालवा. पहिलं गिऱ्हाईक लहान मूल घ्या, दौडीची हौस असलेला तरुण नको. पावसाळ्यात चार महिने उभा असलेला घोडा दिवाळीच्या गर्दीत एकदम काढायचा नाही. आधीचे तीन आठवडे रोज अर्धा तास कदम, मग थोडी दुडकी. आणि मधल्या वारीही रोज फिरवा, पैसे मिळोत न मिळोत.

हे सगळं पाळूनही वरचेवर आखडत असेल, विशेषतः भित्री, चिडखोर घोडी असेल, तर दोष जन्मजात असू शकतो. मग शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात दाखवा, आणि तोवर तिच्यापासून शिंगरू घेऊ नका.