आबांच्या ट्रंकेतल्या पोचपावत्या

माई,
माझे वडील मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झाले. आम्ही त्यांना आबा म्हणायचो. गेल्या पौषात ते गेले. त्यांची ट्रंक आवरताना डिस्चार्ज बुक मिळालं, मेडलं मिळाली (एक ‘पूर्वी स्टार’ आहे), आणि रुमालात बांधलेला मनीऑर्डरच्या पोचपावत्यांचा गठ्ठा मिळाला. दर डिसेंबरला, दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका बाईच्या नावे. पहिली १९७२ ची, शेवटची २००४ ची. सुरुवातीच्या पावत्यांवर अंगठा आहे, पुढच्यांवर सही. त्या बाईंचं आडनाव पलटणीच्या एका ग्रुप फोटोमागे लिहिलेल्या नावाशी जुळतं. दादा म्हणतो, जाळून टाक, आईला या वयात कशाला त्रास. त्याला वर्षश्राद्धाला चौकात ‘युद्धवीर’ असा मोठा बोर्ड लावायचा आहे. आबा लढाईबद्दल कधी अवाक्षर बोलले नाहीत आणि मीही कधी विचारलं नाही. नको ती शंका मनात येते, मग त्याचीच लाज वाटते. काय करू?
– एक मुलगी, वय ५१

तुमच्या दादाला आधी सांगा, त्या पावत्यांना हात लावायचा नाही. एकही जाळायची नाही.

शंका आली म्हणून मनाला लावून घेऊ नका. वडिलांच्या सामानात परक्या बाईचं नाव इतकी वर्षं सापडत गेलं, तर कोणाच्याही मनात पाल चुकचुकेल. पण तुम्हीच लिहिलेल्या गोष्टी एकमेकींशेजारी मांडून बघा. पूर्वी स्टार मिळाला तो १९७१ च्या युद्धात पूर्वेच्या आघाडीवर असलेल्यांना. ३ डिसेंबरला ते युद्ध पेटलं आणि १६ डिसेंबरला ढाक्यात पाकिस्तानी सैन्याने शरणागती पत्करली. मराठ्यांच्या पलटणी त्यात लढल्या, आताच्या बांगलादेशातल्या जमालपूरच्या लढाईत तर पहिली मराठा पलटण होती. आबांची पहिली मनीऑर्डर त्याच्या पुढच्याच डिसेंबरातली, आणि फोटोमागचं आडनावही तेच. मला यात भानगड दिसत नाही. दोन दोस्त दिसतात. एक परत आला, एक आला नाही.

तरी माझ्या अंदाजावर राहू नका, खात्री करून घ्या. दिल्लीला राष्ट्रीय युद्ध स्मारक आहे, २०१९ मध्ये खुलं झालेलं. तिथल्या त्याग चक्रात स्वातंत्र्यानंतर कामी आलेल्या २५ हजारांहून जास्त जवानांची नावं ग्रॅनाइटवर कोरली आहेत. स्मारकाच्या संकेतस्थळावरही नाव शोधता येतं. फोटोमागचं नाव तिथे टाकून बघा, नाही दिसलं तर इंग्रजी स्पेलिंग बदलून पुन्हा बघा. आपल्या आडनावांची स्पेलिंगं त्या काळी लिहिणाऱ्याच्या मर्जीवर असायची. मग जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. त्या बाईंच्या जिल्ह्यातल्या कार्यालयात गेलात तर जास्त बरं, वीरपत्नींची माहिती तिथे असते. रेजिमेंटचं सेंटर बेळगावला आहे, तिथेही लिहिता येईल. आबांचा आर्मी नंबर सोबत असू द्या. डिस्चार्ज बुकात तो आहे, आणि बहुतेक ट्रंकेच्या झाकणावरही पांढऱ्या रंगाने लिहिलेला असेल.

आता मनीऑर्डरच्या फॉर्मबद्दल सांगते, कारण तुमच्या पत्रातली मला सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट त्यातच आहे. त्या फॉर्मचे भाग असायचे. पैसे घेणाऱ्याने सही किंवा अंगठा केला की पोचपावती पाठवणाऱ्याकडे परत यायची. ती तुमच्या हातात आहे. पण तळाशी आणखी एक तुकडा असायचा, चार ओळींचा मजकूर लिहिण्यापुरता. पोस्टमन तो फाडून पैसे घेणाऱ्यालाच देई. म्हणजे आबांनी डिसेंबरात जे काही लिहिलं असेल, ते तुमच्या घरी नाहीच, ते त्या घरी गेलं. कदाचित ‘खुशाल आहे, काळजी घ्या’ एवढंच असेल. कदाचित दरवर्षी तेच असेल. पण आबा बोलले नाहीत असं तुम्ही लिहिता, आणि मला वाटतं, ते बोलत होते. तुम्हाला ऐकू येणार नाही अशा ठिकाणी बोलत होते.

अंगठ्याच्या पावत्याही नीट बघा. अंगठा असला की साक्षीदाराची सही घ्यायची पद्धत होती. कोपऱ्यात एखादं नाव दिसलं तर ते लिहून ठेवा, गावात चौकशी करताना उपयोगी पडेल. आणि अंगठ्याच्या जागी सही कोणत्या वर्षी आली तेही शोधा. बाई लिहायला शिकल्या, की मुलगा मोठा होऊन त्यांच्या वतीने सही करू लागला? आबांनी ती पहिली सही असलेली पावती हातात घेतली असेल तेव्हा त्यांना काय वाटलं असेल, याचा विचार मी हे लिहिताना सारखा करतेय.

आजच्या पिढीला एक गोष्ट माहीत नसते. तिरंग्यात लपेटलेली पेटी गावात येते, सगळा गाव लोटतो, हे चित्र आपल्या मनात पक्कं बसलंय ते कारगिलपासूनचं. १९७१ मध्ये जवानाचे अंत्यसंस्कार बहुतेक वेळा आघाडीच्या जवळच उरकले जात. घरी तार यायची, मागाहून सामान यायचं. बायकोने शेवटचं तोंडही पाहिलेलं नसायचं. अशा घराला ‘मी तिथे होतो’ म्हणणारा एकच माणूस असायचा, त्याच पलटणीतला दोस्त. आबा त्या घरी कधी गेले होते का, मला माहीत नाही. एखाद्या सुट्टीत ते दोन दिवस कुठेतरी जाऊन आले होते का, आईला विचारा.

हो, आईला विचाराच. ‘या वयात त्रास’ हे दादाचं म्हणणं मला अजिबात पटत नाही. हवालदाराच्या पगारात आणि पुढे पेन्शनीत ज्या बाईने घर चालवलं, तिला दर डिसेंबरला बाजूला पडणारी रक्कम इतकी वर्षं कळली नसेल? मला तर वाटतं, तिला तुमच्यापेक्षा जास्त माहीत आहे. कोणी विचारलं नाही म्हणून ती बोलली नाही. दुपारी दोघीच असाल तेव्हा फोटो आधी दाखवा, पावत्या नंतर. ‘या बाई कोण?’ असं विचारू नका. ‘हे आबांचे कोण?’ असं फोटोवर बोट ठेवून विचारा आणि मग थांबा. तिला वेळ लागला तर लागू द्या. समजा, तिलाही काही ठाऊक नसलं, तर नवऱ्याने एवढं मोठं काम एकट्याने सांभाळलं हे कळण्याचा पहिला हक्क तिचाच आहे. आणि समजा माझा अंदाज चुकला, निघालं भलतंच काही, तरी ते चौकशीनंतर तुमच्या तोंडून कळलेलं बरं.

तुम्ही विचारलं नाहीत याचं ओझंही थोडं उतरवा. युद्धातून आलेल्या पुष्कळ माणसांना घरच्यांनी विचारूनही काही सांगता आलेलं नाही. ‘तो गेला आणि मी राहिलो’ ही गोष्ट लेकीसमोर कशी बोलायची? आबांनी ती पोस्टाच्या खिडकीवर जाऊन, रांगेत उभं राहून, पैसे मोजून सांगितली.

बोर्डाचं म्हणाल तर ‘युद्धवीर’ लिहू नका. स्वतःच्या तोंडाने जे त्यांनी कधी म्हटलं नाही ते आपण चौकात टांगू नये. नाव, हुद्दा, रेजिमेंट, नोकरीची वर्षं आणि पूर्वी स्टार. एवढं पुरे, आणि ते शंभर टक्के खरं आहे. बोर्डाच्या खर्चातून मेडलांच्या जुन्या झालेल्या रिबिनी बदलून चौकट करून घ्या. चौकटीत घालण्याआधी मेडलांची कड भिंगाखाली बघा, तिच्यावर बहुधा आबांचा नंबर आणि नाव कोरलेलं असेल. ते मुलांना वाचायला लावा.

खात्री झाली की त्या गावी जा, पण न कळवता जाऊन उभ्या राहू नका. आधी पत्र टाका. आबा गेले हे त्यांना कोणी कळवलंच नसेल. २००४ नंतर मनीऑर्डर का थांबली हेही तिथेच कळेल. बाई गेल्या असतील, किंवा मुलाने ‘काका, आता पुरे’ असं म्हटलं असेल. पावत्यांच्या झेरॉक्स न्या, मूळ पावत्या घरीच ठेवा, आणि त्यांच्याकडे ते मजकुराचे तुकडे असतील तर मागू नका, फक्त वाचू द्या म्हणा. हिशेब विचारायला आल्यासारखं बोलणं होऊ देऊ नका. जाताना दादाला सोबत घ्या. तो बोर्ड लावायला निघालाय, कारण वडिलांसाठी काहीतरी करायची त्यालाही तुमच्याइतकीच तळमळ आहे. त्याला हे काम दाखवा, तो नाही म्हणणार नाही.

– माई