बागेच्या तारेत लाइट सोडायचा विचार आधी डोक्यातून काढा

तुमचा प्रश्न असा: कोकणात हापूसची बाग, हंगामात रात्री आंबे जातात, गाववाले सांगतात कुंपणाला करंट द्या, हद्द आपली, मेला तर मेला. शिवाय शेतीसंरक्षणाची परवान्याची बंदूक घरात आहे, ती चालवली तर? मी तालुक्याच्या कोर्टात फौजदारी कामं करतो, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी तार. चेरुबिन ग्रेगरी विरुद्ध बिहार हा खटला यासाठी पाहण्यासारखा आहे. शेजाऱ्यांच्या संडासाची भिंत पडली, म्हणून त्या घरची माणसं न विचारता आरोपी ग्रेगरीचा संडास वापरू लागली. याने वैतागून संडासाच्या वाटेवर उघडी तार लावली, तीत वीज सोडली. इशारा म्हणून काही नाही. शेजारची बाई बाहेर येताना तिचा हात तारेला लागला आणि ती गेली. ‘माझी जागा, ती घुसखोर’ हा बचाव सुप्रीम कोर्टाने 1963 साली फेटाळला आणि शिक्षा कायम केली. आगाऊ लावलेल्या सापळ्याला कोर्ट स्वसंरक्षण मानत नाही, कारण समोर चोर आहे, वाट चुकलेला गुराखी आहे की तुमचाच राखणदार, हे तारेला कळत नाही. आज अशा प्रकरणात भारतीय न्याय संहितेचं कलम 106 (निष्काळजीपणाने मृत्यू) लागेल, पाच वर्षांपर्यंत कैद. माणूस मरू शकतो हे ठाऊक असून लाइट सोडली असं दिसलं, तर कलम 105, म्हणजे सदोष मनुष्यवध. वर आकडा टाकलेला असेल तर वीजचोरी वेगळी!

रानडुकरांसाठी काही करायचंच असेल तर झटका मशीन बसवा, बोर्ड लावून. ते थांबून थांबून क्षणभराचा झटका देतं. घरातली लाइन मात्र त्या तारेला कधीही जोडू नका.

आता बंदूक. मालमत्तेसाठी जीव घेण्याची मुभा त्याच संहितेच्या कलम 41 मध्ये मोजक्याच प्रसंगी आहे: जबरी चोरी, सूर्यास्त ते सूर्योदयातली घरफोडी, राहत्या घराला किंवा माल ठेवायच्या जागेला आग किंवा स्फोटकं लावणं, आणि अशी चोरी, नासधूस किंवा घरात घुसखोरी जिच्यात आपला जीव जाईल किंवा जबर दुखापत होईल अशी रास्त भीती असते. उघड्या बागेत आंबे उतरवणारा यात बसत नाही. मांगराचं, म्हणजे बागेतल्या माल ठेवायच्या खोपीचं, कुलूप रात्री तोडलं तर ती घरफोडी, पण तिथेही गरजेपेक्षा जास्त इजा चालत नाही. आणि चोर पाठ फिरवून गडग्यावरून पळाला की विषय संपला. आमच्याकडची बरीच प्रकरणं तिथेच बिघडतात: माणूस पळत असतो, छर्रे पाठीत लागतात, आणि पंचनाम्यात तेवढंच बोलकं ठरतं.

पकडून ठेवायचा विचार असेल तर तेही जपून. खाजगी माणसाला अटक करता येते ती डोळ्यांदेखत घडलेल्या दखलपात्र (पोलीस वॉरंटशिवाय पकडू शकतात अशा) आणि अजामीनपात्र गुन्ह्यात, आणि सहा तासांच्या आत पोलिसांकडे द्यावं लागतं. पाच हजारांच्या आतली चोरी नव्या कायद्यात अदखलपात्र धरली आहे, म्हणजे चार आंब्यांसाठी झाडाला बांधून मारलंत तर गुन्हा तुमच्यावरच. 112 ला फोन करा, टॉर्च मारा, कुत्री सोडण्याऐवजी भुंकू द्या, फोटो काढा.

शेवटचं, तुम्ही ओझरतं लिहिलंय ते: शेजाऱ्याने बांध सरकवून तुकडा बळकावलाय. ते प्रकरण वेगळं. ताबा जुना होऊन बसला असेल तर माणसं नेऊन हुसकावू नका, सातबारा तुमच्या नावावर असला तरी. नुकताच बळकावला असेल तर विशिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम 6 खाली ताबा परत मिळवायचा दावा सहा महिन्यांच्या आत लावा. मोजणीचा अर्ज आजच टाका.