दोन बाजीराव, दोन चिमाजी अप्पा आणि ठाण्याचा एकच किल्ला

ताई, तुमच्या लेकीला आधी शाबासकी द्या. सातवीतल्या मुलीने प्रकल्पाच्या तक्त्यावर दोन सनांची वजाबाकी करून पाहिली, हे मोठी माणसंही करत नाहीत. तिची अडचण अशी: १७३७ मध्ये बाजीरावांचे भाऊ चिमाजी अप्पा यांनी ठाण्याचा किल्ला पोर्तुगीजांकडून घेतला, आणि १८१६ मध्ये बाजीरावांचे कारभारी त्र्यंबकजी डेंगळे त्याच किल्ल्यातल्या कैदेतून पळाले. मधे ७९ वर्षं. मग बाजीराव जगले तरी किती?

उत्तर सरळ आहे. हे दोन बाजीराव आहेत, आजोबा आणि नातू. पण हा घोळ एवढ्यावर थांबत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो. मी ठाण्याच्या खारकर आळीत वाढलो, तुरुंगाच्या (म्हणजे याच जुन्या किल्ल्याच्या) भिंतीकडेने शाळेत जायचो. मलाही हे कोडं बरीच वर्षं सुटलं नव्हतं.

वहीचं जोडपान उघडा आणि वर लिहा बाळाजी विश्वनाथ. त्यांच्याखाली दोन मुलगे, बाजीराव आणि चिमाजी अप्पा. बाजीरावांच्या खाली त्यांच्या मुलांपैकी दोघे पुरेत, नानासाहेब आणि रघुनाथराव. आता रघुनाथरावांच्या खाली त्यांचे दोन मुलगे लिहा: बाजीराव आणि चिमाजी अप्पा. तीच जोडी, त्याच क्रमाने, थोरला बाजीराव आणि धाकटा चिमाजी. आजोबांचं नाव नातवाला ठेवायची रीत आपल्याकडे होतीच. एका मुलाला आजोबांचं नाव मिळालं, दुसऱ्याला आजोबांच्या भावाचं.

वरचे छत्रपतीही मदतीला येत नाहीत. थोरल्या बाजीरावांच्या वेळी साताऱ्याच्या गादीवर शाहू महाराज होते आणि नातू १७९६ मध्ये पेशवे झाले तेव्हाही शाहू महाराजच होते, म्हणजे दुसरे शाहू. त्र्यंबकही दोन! त्र्यंबकराव दाभाडे थोरल्या बाजीरावांविरुद्ध लढताना १७३१ मध्ये डभईला पडले, तर त्र्यंबकजी डेंगळे नातवाच्या खास मर्जीतले. एक वैरी, एक विश्वासू.

वसईचं तर फारच वाईट वाटतं. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, पेशवे बाजीराव. ३१ डिसेंबर १८०२ ला त्याच वसईत इंग्रजांशी तह झाला, पेशवे बाजीराव. नाव तेच, गाव तेच. एकात मराठ्यांनी परकी सत्ता घालवली, दुसऱ्यात परक्या फौजेचा आधार घेतला. या दोन ओळी एका माणसाच्या नावावर पडल्या की दोघांवरही अन्याय होतो, म्हणून मी याबाबत इतका आग्रही आहे.

मग ओळखायचं कसं? जुन्या कागदांत याची सोय आहे. तिथे नुसतं नाव नसतं, पुढे बापाचं नाव येतं. थोरले ते बाजीराव बल्लाळ (बल्लाळ म्हणजे बाळाजी), नातू ते बाजीराव रघुनाथ. हा नियम धरला की नव्वद टक्के गुंता सुटतो. मात्र धाकटे चिमाजी अप्पा त्यालाही चकवतात. पेशवे सवाई माधवराव (नानासाहेबांचे नातू) १७९५ मध्ये निपुत्रिक वारले, तेव्हा पुढच्या वर्षी या चिमाजींना त्यांच्या विधवेच्या मांडीवर दत्तक देऊन पेशवे केलं गेलं. नात्याने ते सवाई माधवरावांचे चुलत काका! काका पुतण्याचा मुलगा झाला, म्हणजे बापाचं नावही बदललं. काही महिन्यांतच ते बाजूला झाले आणि थोरला भाऊ पेशवा झाला.

आता ठाण्याकडे. मार्च १७३७ मध्ये किल्ला पडला तेव्हा थोरले बाजीराव दिल्लीच्या वेशीवर होते, इकडची मोहीम धाकट्या भावाच्या हाती होती. नंतर डिसेंबर १७७४ च्या शेवटी किल्ला इंग्रजांनी घेतला. आणि दुसरे बाजीराव जन्मले १० जानेवारी १७७५ ला, धारला. म्हणजे त्यांच्या सबंध आयुष्यात ठाण्याचा किल्ला इंग्रजांकडेच होता. तुमच्या लेकीला पडलेला दुसरा प्रश्न, 'पेशव्यांच्याच किल्ल्यात पेशव्यांचा माणूस कैदेत कसा', तो इथे सुटतो. गायकवाडांचे वकील (म्हणजे राजकीय प्रतिनिधी) गंगाधरशास्त्री पटवर्धन यांचा १८१५ मध्ये पंढरपुरात खून झाला, त्याचा आरोप त्र्यंबकजींवर आला. इंग्रजांनी दडपण आणून त्यांना ताब्यात घेतलं आणि आपल्या ठाण्याच्या किल्ल्यात ठेवलं. असं सांगतात की खिडकीखाली घोड्याला खरारा करणारा एक मोतद्दार गाणं म्हणे आणि पळायचा बेत त्या गाण्यातून आत पोचे. गोऱ्या पहारेकऱ्यांना मराठी कळत नव्हतं. सप्टेंबर १८१६ मध्ये त्र्यंबकजी निसटले.

तक्त्यात दुरुस्ती थोडीच लागेल. पहिल्या घटनेत 'थोरले बाजीराव (बाजीराव बल्लाळ, १७००–१७४०)' आणि दुसरीत 'दुसरे बाजीराव (बाजीराव रघुनाथ, १७७५–१८५१)' असं लिहायला सांगा. चिमाजी अप्पांपुढे 'थोरल्या बाजीरावांचे धाकटे भाऊ' एवढं पुरे. मधे १७७४ ची एक ओळ मात्र नक्की घाला, तिच्याशिवाय १८१६ कळत नाही. आणि पुढच्या वर्षी ती १८५७ वर काही करणार असेल तर आत्ताच सांगून ठेवतो: बिठूरचे नानासाहेब हे या दुसऱ्या बाजीरावांचे दत्तक पुत्र. पानिपताच्या वेळचे नानासाहेब वेगळे, ते वहीतल्या झाडात आधीच येऊन गेलेत.