खरा आकडा

अमळनेर

प्रिय बेटा,

तुझं पत्र दोनदा वाचलं. अभ्यासिकेतली मुलं रोज रात्री ग्रुपवर ‘आज 12 तास’ असं टाकतात, म्हणून परवा तूही ‘10 तास’ टाकलंस. त्यातले चार तास रील बघण्यात गेले होते आणि मग रात्रभर झोप लागली नाही. खोलीतल्या मित्राला हे सांगू का, असं विचारतोस. सांग. आजच सांग.

आपल्याकडे चहा किती होतो, तंबाखू कशी सुटत नाही, हे माणूस ओट्यावर बसून चारचौघांत बोलतो. मोबाईलचं कुणी बोलत नाही. आणि लपतं तरी कुणापासून? फोनच्या सेटिंगमध्ये डिजिटल वेलबीइंग उघडून बघ. दिवसाचे तास, कितीदा लॉक उघडलं, सगळं मांडून ठेवलेलं असतं. तू काय शोधलंस त्याची नोंद गूगलच्या ‘माझी अ‍ॅक्टिव्हिटी’त असते. ती 3, 18 किंवा 36 महिन्यांनी आपोआप पुसली जाईल अशी सोय आहे, तेवढी करून घे. पण कंपनीला जे ठाऊक आहे ते शेजारच्या कॉटवरच्या मित्राला ठाऊक नाही, हे मला फार खटकतं.

माझंच सांगतो. गेल्या पावसाळ्यात मी सुनेला रोज सकाळी म्हणायचो, ‘वय झालं, झोप येत नाही.’ ती बिचारी रात्री दुधात जायफळ उगाळून द्यायची. ते दूध पिऊन मी अंधारात दोन-दोन वाजेपर्यंत व्हिडिओ बघायचो. एके दिवशी तो पेला हातात घेववेना, आणि मी तिला खरं सांगून टाकलं. ती काही बोलली नाही. माझा चार्जर उचलला आणि स्वयंपाकघरात नेऊन लावला. रात्री भांडी आवरता आवरता तिनंही तिचं सांगितलं. ते मी तुला लिहिणार नाही, ते तिचं आहे. तूही मित्राचं ऐकशील ते तुझ्यापाशीच ठेव.

रावेर-यावलकडच्या केळीवर सीएमव्ही हा विषाणूचा रोग येतो तेव्हा काय करतात, हे तू मामांच्या मळ्यात पाहिलंयस. रोगट झाड उपटून नष्ट करायचं आणि बांधाला लागून असलेल्या शेतकऱ्याला कळवायचं, कारण तो रोग पसरवणारी मावा ही कीड बांध ओळखत नाही. तुझ्या ‘10 तासां’चं तेच झालं असणार. ते वाचून एखादं पोरगं स्वतःला कमी समजलं असेल, आणि उद्या तेही 11 टाकेल. ग्रुपवर कबुलीजबाब लिहू नकोस, त्याचाही तमाशाच होतो. फक्त खोटा आकडा टाकणं थांबव.

आता तुझ्या बहिणीचं. पत्राच्या शेवटी दोनच ओळी लिहिल्यास, पण मी त्यांच्यापाशीच जास्त थांबलो. तिनं व्हॉट्सअ‍ॅपचं ‘लास्ट सीन’ बंद केलं म्हणून घरात वाद झाला, आता तिचा फोन रोज तपासतात. तुझा कधी कुणी तपासला? सांगणं वेगळं आणि झडती वेगळी. 24 ऑगस्ट 2017 ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमतानं खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला, तो तिचाही आहे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेली लेक झोक्यावर बसून सासरचं जे मोकळेपणानं गाते, ते सासरच्या उंबऱ्यात गात नाही. तिथं ती काही चोरत नसते. ऐकणारं माणूस आपलं आहे की नाही, एवढंच ती बघते. तेव्हा वडिलांशी तू बोल. आवाज चढवू नकोस, पण तिच्या बाजूनं बोल. त्यांना भीती कशाची वाटते ते आधी विचार. फसवणुकीची असेल तर 1930 हा सायबर हेल्पलाइनचा नंबर घरात सगळ्यांना पाठ असू दे.

मित्राला सवय सांग, पासवर्ड देऊ नकोस. तो हसला तर वाईट वाटेल, पण मग मला लिही.

या आठवड्यात माझा रोजचा सरासरी आकडा 2 तास 50 मिनिटं आहे. त्यातला पाऊण तास भजनांचा, बाकीचा नाही. तुझा पुढच्या पत्रात कळव.

तुझा,
गुरुजी