फी भरलीत, पण मुलीला विचारलंत का?

पत्र: मुलगी बी.एस्सी. केमिस्ट्रीच्या शेवटच्या वर्षाला आहे, ५८ टक्के. ती म्हणते, पाणी तपासणीच्या लॅबमध्ये जाणार. मी स्पर्धा परीक्षेचा दोन वर्षांचा क्लास लावलाय, फीही भरली आहे. मीटर बुडवला की आकडा दिसतो, त्याला डिग्री कशाला? तिला जरा समजवा. – एक पालक, पुसद

सप्रेम नमस्कार.

५८ टक्क्यांची मला काळजी नाही. काळजी वाटते ती ‘फीही भरली आहे’ या शब्दांची. तिला न विचारता पैसे भरलेत आणि आता त्या पैशांसाठी तिची दोन वर्षं मागताय. मन नसलेलं पोर क्लासला बसलं, तर परीक्षा निघणं कठीणच, वर ब्युरेटवर (थेंब थेंब मोजून रसायन सोडायच्या काचेच्या नळीवर) बसलेला हात जातो तो वेगळाच. फी परत मिळते का ते या आठवड्यातच विचारा. नाही मिळाली, तर तेवढ्यासाठी तिला अडकवू नका. समजवायचं आहे ते तिला नाही, तुम्हाला.

आता तो मीटर. टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण घटक) दाखवणारा हा मीटर पाण्यातून वीज किती सहज वाहते ते मोजतो, त्याला ठरावीक गुणकाने गुणतो आणि विरघळलेल्या क्षारांचा अंदाज दाखवतो. क्षार कुठले, ते त्याला कळत नाही. तुमच्या यवतमाळ जिल्ह्यात बोअरच्या पाण्यातलं फ्लोराइड हे जुनं दुखणं आहे. मानकाप्रमाणे ते लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत हवं. दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घेतात. समजा, ते ३ आहे आणि टीडीएस ४००. मर्यादा ५००, म्हणजे मीटरच्या लेखी पाणी चांगलं! तेच पाणी वर्षानुवर्षं पिऊन पोरांच्या दातांवर तपकिरी डाग पडतात, पुढे हाडं-सांधे धरतात. जंतू तर मीटरला दिसतच नाहीत. ई. कोलाय हा विष्ठेतून येणारा जंतू १०० मिलिलिटरमध्ये एकही चालत नाही.

नुसती बाटली भरण्यातही अक्कल लागते. फ्लोराइडचा नमुना प्लास्टिकच्या बाटलीत घ्यायचा, ती त्याच पाण्याने दोन-तीनदा विसळून. जंतूंची बाटली निर्जंतुक असते आणि नळाच्या पाण्यासाठी तिच्यात क्लोरीन निकामी करणारं सोडियम थायोसल्फेट घातलेलं असतं; ती अजिबात विसळायची नाही. विसळली की थायोसल्फेट वाहून जातं, क्लोरीन वाटेतही जंतू मारत राहतं आणि दूषित पाण्याचा रिपोर्ट स्वच्छ येतो. त्या रिपोर्टवर अख्खं गाव पाणी पितं. बाटली काठोकाठ भरायची नाही, बर्फाच्या पेटीत ठेवून शक्यतो सहा तासांत, फार तर २४ तासांत लॅबला पोचवायची.

शिक्षण म्हणाल, तर एम.एस्सी. अॅनालिटिकल केमिस्ट्री किंवा पर्यावरणशास्त्र. नेट-गेट या पुढच्या पात्रता परीक्षांचं नंतर बघता येईल. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या लॅब आहेत, प्रदूषण नियंत्रण मंडळ आहे. पण कायम जागा कमी, बरीच भरती कंत्राटी, सुरुवातीचा पगार बेताचा. हे तिच्यापासून लपवू नका. खाजगी लॅब असेल तर एनएबीएलची (लॅबना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची) नुसती पाटी बघू नये. कुठल्या तपासण्यांना मान्यता आहे, ती यादी मागावी.

परीक्षा संपली की तिला महिनाभर एखाद्या लॅबमध्ये काम करू द्या. ईडीटीए हे रसायन ब्युरेटमधून थेंब थेंब सोडून, रंग बदलणाऱ्या सूचकाच्या मदतीने, एकाच नमुन्याचा हार्डनेस (पाण्याचा जडपणा) तीनदा काढायचा. लालसर छटा पूर्ण जाऊन निळा रंग आला की थेंब थांबवायचा. तीन रीडिंगमध्ये ०.१ मिलिलिटरहून जास्त फरक नको. रोज तेच करून तिला कंटाळा आला, तर ती स्वतःच सांगेल. तेव्हाही पुढचं तिलाच ठरवू द्या.